अवघड जागेचं दुखणं

वाचायच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. वय आणि वस्तू, दोन्हींना एकच नाव. मी ज्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली, तिथं लेथवर एक जुने टर्नर होते. जॉब मोजायची वेळ आली की ते शेजारच्या आयटीआयच्या पोराला हाक मारत, “ये रे, सांग बघू व्हर्नियर किती दाखवतंय?” पोरगं आकडा सांगायचं, काका मान हलवून “बरोबर” म्हणायचे. नव्या पोरांना काका मनापासून शिकवतात, अशी त्यांची शॉपभर ख्याती होती. एकदा ते पोरगं रजेवर गेलं आणि एकाच पाळीत काकांचे अकरा जॉब रिजेक्ट झाले. तेव्हा उलगडा झाला. काकांना व्हर्नियरवरच्या रेघाच दिसत नव्हत्या.

कंपनीत दरवर्षी डोळ्यांचं शिबिर भरायचं. चष्म्याचे निम्मे पैसे कंपनी द्यायची. शिबिराची सूचना फलकावर मीच लावत असे. काका त्या फलकासमोरून रोज दोनदा जात आणि शिबिराच्या दिवशी न चुकता रजा टाकत. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “मॅडम, डोळे तपासले की कागद होतो. कागद झाला की फाइल होते. मला अजून सहा वर्षं काढायचीत.”

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. तिचा अर्थ मला त्या दिवशी लागला. दुखणं आहे, डॉक्टरही घरचाच आहे, फीसुद्धा नाही. तरी दाखवता येत नाही, कारण दाखवायचं ज्याला, त्याच्याशी नातं भलतंच आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कामगारासाठी कंपनीचा दवाखाना, समुपदेशक आणि कल्याण अधिकारी हे सगळे जावईच असतात. मदत देणारा हात आणि ‘अनफिट’ असा शेरा मारणारा हात एकाच टेबलामागून येतो. या पुस्तिकेत डोळे, गुडघे, झोप, घरातलं आजारपण, पेन्शन, निवृत्ती अशी वेगवेगळी प्रकरणं आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी मात्र ही एकच गोष्ट आहे.

आता थोडं मागं जाऊ. कामगाराच्या सुखदुःखाची विचारपूस करणाऱ्या व्यवस्था महाराष्ट्राला नव्या नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्यानं कॅन्टीन, विश्रांतीची खोली, पाळणाघर यांची सक्ती आणली आणि ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी नेमायला लावला. १९५३ मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा आला. त्यातून पुढं ठिकठिकाणी कामगार कल्याण केंद्रं चालली. बालवाडी, शिवणवर्ग, कबड्डीचे सामने, कामगारांच्या नाट्यस्पर्धा हे सगळं त्या केंद्रांनी केलं. गिरणगावातल्या आणि एमआयडीसीतल्या कित्येक घरांना पहिलं वाचनालय तिथंच भेटलं.

या सगळ्या व्यवस्थेच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस होता. गावाहून आलेला, पंचविशीतला, अंगानं दणकट, नुकतं लग्न झालेला. त्याला पोटभर जेवण हवं, पतपेढीचं कर्ज हवं, पोरांना वह्या हव्यात, संध्याकाळी खेळायला मैदान हवं. त्याला दारूची सवय लागली तर त्यातून बाहेर काढणारं कुणीतरी हवं. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा व्यसनाकडं आजार म्हणून बघायची दृष्टी आमच्यासारख्या कारखान्यातल्या लोकांनाही मिळाली. ‘दांडीबहाद्दर’ म्हणून ज्याला काढून टाकायचं, त्याला उपचार देऊन परत कामावर घेता येतं, हे तिथून शिकता आलं.

तो पंचविशीतला माणूस अजून तिथंच आहे, पण आता तो पंचावन्नचा झाला आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. भोसरी, सातपूर, ठाणे-बेलापूर, पुढं वाळूज आणि बुटीबोरी असे पट्टे भरत गेले. ऐंशी-नव्वदच्या दशकात तिथं कायम झालेल्या कामगारांच्या जागी नंतर कायमची भरती फारशी झालीच नाही. नवी पोरं आली ती कंत्राटदाराकडून किंवा शिकाऊ म्हणून, आणि बरीचशी मुदत संपताच गेली. कायम कामगारांची यादी तीच राहिली आणि तिचं सरासरी वय दरवर्षी जवळजवळ एका वर्षानं वाढत गेलं. वार्षिक क्रीडास्पर्धेतली शंभर मीटरची शर्यत आम्ही एके वर्षी बंद केली, कारण नाव द्यायला कुणीच येईना. शर्यत बंद केली आणि बाकीचा कार्यक्रम तसाच पुढं चालू ठेवला. खेळाडू का आटले, असं आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

वय वाढतं म्हणजे नेमकं काय होतं, ते पहिल्या भागात सविस्तर आहे. इथं दोन-तीन गोष्टींचा उल्लेख पुरे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानानं साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे पोराला जी ट्यूबलाइट भरपूर वाटते, तिच्याखाली काका अंधारात काम करत असतात. कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतात. त्यामुळं ‘ऐकू येतं पण कळत नाही’ अशी अवस्था होते आणि सुपरवायझरला वाटतं, हा मुद्दाम ऐकत नाही. विशीत रात्रपाळीनंतर दिवसा गाढ झोप लागते. पन्नाशीत ती तीन-चार तासांवर येते आणि आठवड्यानं पाळी बदलली की पुन्हा सगळी घडी विस्कटते. मधुमेहाच्या गोळ्या ‘जेवणाआधी’ घ्या असं डॉक्टर सांगतात, पण फिरत्या पाळीत जेवण नेमकं कोणतं धरायचं, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

काही दुखणी तर शब्दशः अवघड जागेची. प्रोस्टेट वाढलं की दर तासाला उठावं लागतं. लाइनवर रिलीव्हर मिळत नाही आणि स्वच्छतागृह शॉपच्या दुसऱ्या टोकाला. मग माणूस काय करतो? पाणी पिणं सोडतो. भट्टीशेजारी उभा राहून, मे महिन्यात, आठ तासांत एक ग्लास. उन्हाळ्यात चक्कर येऊन पडलेल्यांची दवाखान्यातली नोंद मी एकदा काढून बघितली. सगळ्यांच्या नावापुढं एकच कारण होतं, ‘उष्णता’. त्यांतल्या दोघांशी नंतर निवांत बोलले, तेव्हा खरं कारण कळलं. पॅकिंगमधल्या बायकांचं दुसरं दुःख. पाळी जायच्या वयात अंगाची अचानक लाही होते, घाम फुटतो, रात्री झोप उडते. अंगात जाड कोट, वर पंखा नाही आणि समोर सत्तावीस वर्षांचा लाइन इंजिनिअर. त्याला सांगणार काय? त्या सरळ किरकोळ रजा टाकत आणि वर्षाखेरीस त्यांच्या नावापुढं ‘अनियमित’ असा शेरा येई.

घराकडं बघितलं तरी तेच. कायद्यानं पाळणाघर दिलं, ते तान्ह्या मुलांसाठी. चोपन्नच्या कामगाराला तान्हं मूल नसतं, पण गावाकडं ब्याऐंशीची आई असते. ती मोरीत घसरून पडते, तिच्या खुब्याचं हाड मोडतं आणि फोन येतो तो दुसऱ्या पाळीच्या मधोमध. त्याच सुमाराला मुलाला नोकरी लागलेली नसते आणि मुलीचं लग्न ठरलेलं असतं. या माणसाला समुपदेशन हवं असतंच. पण त्याआधी त्याला हवा असतो सातारा किंवा सांगलीतल्या खात्रीच्या आयाबाईचा नंबर, आठ दिवस पहिली पाळी आणि या काळात ओटीला नकार दिला तर राग न धरणारा साहेब. ‘ताणतणाव व्यवस्थापन’ या विषयावर आम्ही दोन तासांचं व्याख्यान ठेवलं होतं. त्यातून एकही आयाबाई मिळाली नाही.

पैशांचा भाग मी मुद्दाम मोठा ठेवला आहे. कारण तिथं गैरसमज सगळ्यात जास्त आणि वेळ सगळ्यात कमी. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खाली पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होतं आणि त्याचं सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पण बहुतेकांची वर्गणी १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच गेलेली असते. त्यामुळं हातात साठ हजार घेणाऱ्या कामगारालाही पस्तीस वर्षांच्या हिशेबानं महिना फार तर साडेसात हजारांच्या आसपास पेन्शन बसतं. हा आकडा त्याला अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या आठवड्यात कळतो. पन्नासाव्या वर्षी कळला असता तर घराचं दुसरं कर्ज त्यानं काढलं नसतं. राज्य विमा योजनेत असलेला कामगार किमान पाच वर्षांच्या विमित नोकरीनंतर वयोमानानं निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला वैद्यकीय सेवा पुढं चालू ठेवता येते. हे माहीत नसल्यामुळं खासगी दवाखान्यात आयुष्याची पुंजी घालवलेली माणसं मी बघितली आहेत. नामनिर्देशनाचं तसंच. फंडाच्या फॉर्मवर लग्नाआधी घातलेलं नाव लग्नानंतर बाद ठरतं, हे किती जणांना ठाऊक असतं? एका कपाटातले जुने फॉर्म चाळायला बसले, तर निम्म्यांवर अजून आईचंच नाव होतं. त्यांतल्या बऱ्याच आया कधीच्या गेल्या होत्या.

आता माझ्या चुकीबद्दल. ती लपवली तर ही पुस्तिका लिहायचा मला अधिकार उरत नाही.

आमच्याकडं ओव्हरहेड क्रेनवर एक मामा होते. त्रेपन्न वर्षांचे. एकदा ते माझ्या केबिनमध्ये आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, की शुगर वाढली आहे, कधीकधी हात थरथरतात, वर एकट्यानं बसायची भीती वाटते. घरी सांगितलेलं नाही. मी त्यांना धीर दिला, डॉक्टरांशी गाठ घालून दिली आणि नेहमीच्या शिस्तीनं नोंदवहीत सगळं लिहून ठेवलं. ती वही महिनाअखेरीस कार्मिक विभागाकडं जायची. पुढच्या महिन्यात मामांना क्रेनवरून उतरवून गेटवर बसवलं. क्रेनचा भत्ता गेला, ओटी गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे वीस वर्षांची ‘क्रेनवाले’ ही ओळख गेली. गेटवरून आत येताना मी रोज त्यांना नमस्कार करी. ते रजिस्टरकडं बघत राहत. त्यानंतर आठ महिने पन्नाशीच्या वरचं एकही माणूस माझ्या केबिनची पायरी चढलं नाही.

हात थरथरणाऱ्या माणसाला क्रेनवर बसू देणं धोक्याचंच होतं. खाली माणसं काम करत होती. गुप्ततेच्या नावाखाली मी गप्प राहिले असते, तर तो दुसरा गुन्हा झाला असता. मग मी चुकले कुठं? तीन ठिकाणी. कोणती गोष्ट माझ्यापाशी राहील आणि कोणती वर सांगावीच लागेल, हे मी त्यांना बोलायला बसण्याआधी सांगितलं नाही. ती वर सांगायची वेळ आली, तेव्हा त्यांना बरोबर घेतलं नाही. आणि क्रेनवरून उतरल्यावर पैसा आणि मान यांत कमीत कमी घट होईल असं दुसरं काम शोधायला जो महिना मिळाला असता, तो मी मागितलाच नाही. जमिनीवर उभं राहून रिमोटनं चालवायची क्रेन पुढच्याच बेमध्ये होती. नवख्या ऑपरेटरांना शिकवायला माणूस हवाच होता. मामांच्या आजारासाठी कंपनीकडं जागा होती. माझ्या वहीत ती नव्हती.

म्हणून या पुस्तिकेचा पहिला नियम: दारं दोन हवीत. सुरक्षेसाठीची वैद्यकीय तपासणी एका दारानं आणि मदत दुसऱ्या दारानं. दोन्हींमध्ये एक खिडकी असेल, पण ती कधी उघडते ते आधीच लिहून भिंतीवर लावलेलं असेल, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. हल्ली पुष्कळ कंपन्या बाहेरच्या संस्थेची हेल्पलाइन घेतात. ते चांगलंच आहे. पण तिचं पोस्टर इंग्रजीत असतं आणि लॉगिन कंपनीच्या ईमेलवरून करायचं असतं. हे दार दुसरं दिसलं तरी जावयाच्याच घरात उघडतं. ही रड फक्त शॉपची नाही. आयटी पार्कांत पंचविशीत कामाला लागलेले आता पन्नाशीला टेकले आहेत. तिथं वय लपवायला केस काळे करतात, इथं व्हर्नियर पोराच्या हातात देतात, एवढाच फरक.

बाहेरच्या देशांनी या बाबतीत काय केलं, त्यावर एक प्रकरण आहे. फिनलंडमध्ये १९८१ ते १९९२ या काळात नगरपालिकांच्या सहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा पाठपुरावा झाला. उतारवयात काम करायची क्षमता कशानं टिकते, हे शोधायचं होतं. त्यात व्यायामाइतकीच, किंबहुना अधिक ठळक गोष्ट निघाली ती वरिष्ठाचं वागणं: वय झालेल्या हाताखालच्या माणसाकडं तो कोणत्या नजरेनं बघतो. जर्मनीत दिंगोल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्यानं २००७ मध्ये एका लाइनवर मुद्दाम सरासरी सत्तेचाळीस वर्षांची माणसं बसवली. दहा वर्षांनी आपला सगळा कारखाना असाच दिसणार, हे त्यांनी ओळखलं होतं. इतर कामगार तिला ‘पेन्शनरांची लाइन’ म्हणून हिणवत. त्या लाइनवर सुमारे ७० बारीकसारीक बदल झाले: लाकडी जमीन, अधूनमधून टेकायला खुर्ची, भिंग, पडद्यावर मोठी अक्षरं, कामांची अदलाबदल. वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. त्यांतल्या कल्पना बऱ्याचशा खुद्द त्या कामगारांच्या होत्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथं ‘गुडघा दुखतो’ हे वाक्य तक्रार म्हणून किंवा कबुलीजबाब म्हणून कुणी ऐकलं नाही. ते सूचना म्हणून ऐकलं.

आपल्याकडं असं काही होत नाही असं नाही. ते छोट्या प्रमाणात होतं आणि लिहिलं जात नाही. त्या टर्नरकाकांच्या प्रकारानंतर आम्ही टूल-क्रिबमध्ये एक डबा ठेवला. त्यात एक, दीड, दोन आणि अडीच नंबरचे, खालच्या अर्ध्या भागात वाचायची काच असलेले सुरक्षा-चष्मे. अट एकच: डब्याला रजिस्टर नाही. ज्याला हवा त्यानं घ्यावा, लागला तर ठेवून घ्यावा. स्टोअरकीपर आठवडाभर माझ्याशी भांडत होता. सही नसेल तर हिशेब कसा द्यायचा, हा त्याचा प्रश्न रास्त होता. पहिल्या दहा दिवसांत डबा रिकामा झाला. कुणी नेले ते आम्हाला कधीच कळलं नाही आणि कळायला नकोच होतं. शिबिरात नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घेणं आवश्यक असतंच, डबा त्याची जागा घेत नाही. पण पुढच्या वर्षी शिबिराला गर्दी झाली. चष्मा नाकावर आधीच आल्यामुळं लपवायचं काही उरलं नव्हतं.

ही पुस्तिका आत्ताच का, तेही सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आली आहे आणि कल्याण अधिकारी नेमायची मर्यादा ५०० वरून २५० कामगारांवर आली आहे. म्हणजे यापुढं अधिक ठिकाणी कल्याण अधिकारी असतील आणि प्रत्येकाच्या टेबलावर चाळिशीपुढच्या माणसांच्या रिपोर्टांचा गठ्ठा असेल. त्या गठ्ठ्याचं काय करायचं, हा यापुढचा खरा प्रश्न आहे. रक्तातली साखर कळल्यावर कुणाचं जेवण बदलेल, कुणाची पाळी बदलेल आणि कुणाची नोकरी जाईल, हे तो रिपोर्ट ठरवणार नाही. तो ज्या कपाटात जाईल, ते कपाट ठरवेल. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक चौकट आहे, ‘ही माहिती कुणाकडं जाईल?’ तिचं उत्तर तुमच्या कंपनीपुरतं लिहून काढल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

पुस्तिका प्रामुख्यानं नव्या कल्याण अधिकाऱ्यांसाठी, समुपदेशकांसाठी आणि युनियनच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. लाइनवरच्या तरुण इंजिनिअरांनी निदान चौथं प्रकरण वाचावं. ज्यांना तुम्ही ‘काका’, ‘मामा’ म्हणता, त्यांना काम कसं सांगायचं आणि त्यांच्याकडून काय शिकून घ्यायचं, ते त्यात आहे. बेअरिंग जायच्या आधी मशिनचा आवाज बदलतो, तो ओळखणारा कान अजून त्यांच्याचपाशी आहे. त्याच कानाला तुमचं बोलणं नीट ऐकू येत नाही, एवढं लक्षात ठेवून समोर उभं राहून बोला.

मसुदा ज्यांनी वाचून दिला, त्यांत क्रेनवाले मामा आहेत. निवृत्तीनंतर हयातीचा दाखला भरायच्या निमित्तानं ते स्वतःहून माझ्याकडं आले. मी माफी मागितली. “जाऊ द्या मॅडम,” म्हणाले आणि बॅगेतून चाळिशी काढून वाचायला बसले. तीन दिवसांनी वही परत दिली. एकाच ठिकाणी पेन्सिलची खूण होती, समुपदेशनाची खोली कशी असावी त्या परिच्छेदावर. शांत, हवेशीर, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, असं सगळं मी लिहिलं होतं.

“खोली कुठं असावी ते लिहिलं नाहीत,” ते म्हणाले. “तुमची केबिन शॉपच्या मधोमध होती. वीस वर्षं मी वर बसून बघायचो, तुमच्याकडं कोण जातंय ते. मला वरून दिसायचं, खालच्यांना खालून दिसायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शॉपला माहीत. मी आलो त्या दिवशी क्रेन बंद होती, म्हणून आलो.”

तो परिच्छेद मी बदलला आहे. खोली कॅन्टीनच्या वाटेवर, सायकल स्टँडच्या मागं असावी, जिथून माणूस कुठं निघालाय ते कुणाला सांगता येणार नाही. पान सत्तावन्न.